स्थापना-पुस्तिकांतील ‘विलग नेटवर्क’ : एका संज्ञेच्या अर्थनिश्चितीचा इतिहास

१. विषयप्रवेश

कोणत्याही व्यवहारोपयोगी विद्येच्या इतिहासात तिच्या सिद्धान्तग्रंथांना मान मिळतो. तिच्या हस्तपुस्तिकांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. यंत्र कोणी कल्पिले याची नोंद राहते, परंतु ते बसवावे कसे हे सांगणारी पाने नवी आवृत्ती निघाली की मागे पडतात. वास्तविक विद्या व्यवहारात उतरते ती याच पानांवरून. ज्याने सिद्धान्त वाचलेला नाही असा मनुष्यही पुस्तिका समोर ठेवून यंत्रणा उभी करतो आणि त्या यंत्रणेवर पुढे शेकडो लोक विसंबून राहतात. पुस्तिकेतील एखादे वाक्य संदिग्ध असेल, तर त्या संदिग्धतेची किंमत बहुधा लिहिणाराही देत नाही आणि वाचणाराही देत नाही. ती त्या शेकडो अपरिचितांना द्यावी लागते.

क्लाउड संगणनाच्या बाबतीत ही गोष्ट विशेषत्वाने खरी आहे. एका संस्थेच्या ताब्यातील अनेक सर्व्हर एकत्र जोडावयाचे, त्यांच्यावर आभासी यंत्रे निर्माण करावयाची आणि ती परस्परांना न ओळखणाऱ्या अनेक वापरकर्त्यांना द्यावयाची, हे या व्यवस्थेचे मूळ स्वरूप होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत साधनांचा सामाईक साठा हे एक आवश्यक लक्षण मानले आहे. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, तसा हा प्रकार आहे. वाडा एक, आड एक, दिंडी दरवाजा एक. तेव्हा मधल्या भिंती कोठे आहेत, कशाच्या आहेत आणि त्या कोणी बांधावयाच्या, या प्रश्नावर साऱ्या बिऱ्हाडांची सुरक्षितता अवलंबून असते.

या भिंतींना स्थापना-पुस्तिकांत ‘नेटवर्कची विलगता’ असे म्हणतात. या एका शब्दाने तीन निरनिराळ्या गोष्टी सूचित होत आल्या आहेत. पहिली, एका वापरकर्त्याची दुसऱ्या वापरकर्त्यापासून विलगता. दुसरी, यंत्रणा चालविणाऱ्या अंतर्गत नेटवर्कची सर्व वापरकर्त्यांपासून विलगता. तिसरी, समग्र यंत्रणेची बाहेरच्या इंटरनेटपासून विलगता. पहिलीची व्यवस्था केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही, आणि तिसरी असली तरी पहिली दोन असतीलच असे नाही. तथापि पुस्तिकांतील वाक्यांत हे तीन अर्थ दीर्घकाळ एकमेकांत मिसळलेले आढळतात. ते वेगळे कसे होत गेले, याचा मागोवा २००८ ते २०१७ या कालखंडातील, मुख्यतः ओपनस्टॅक या मुक्त सॉफ्टवेअरच्या, पुस्तिकांच्या आधारे येथे घेतला आहे. त्यावरून असे दिसून येते की, विलगतेची अट केवळ अधिक कडक भाषेत लिहिल्याने स्पष्ट झाली नाही. कोणापासून विलग, कोणत्या थरावर विलग, भिंत कोणी उभारावयाची आणि ती नसल्यास काय गमवावे लागते, हे सांगितले गेले तेव्हाच ती स्पष्ट झाली.

२. पूर्वपीठिका

क्लाउडचे पुस्तिकाकार ज्या शब्दसंपत्तीचा उपयोग करीत होते, ती त्यांना आधीच्या पिढीकडून मिळालेली होती. तीतील तीन गोष्टी येथे लक्षात घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट ‘व्हीलॅन’ ही. एकाच स्विचला जोडलेल्या यंत्रांचे निरनिराळे गट पाडून जणू प्रत्येक गटाला स्वतंत्र स्विच दिला आहे असा परिणाम साधण्याची ही युक्ती आय-ट्रिपल-ई या संस्थेने १९९८ मध्ये ८०२.१क्यू या मानकात ग्रथित केली. प्रत्येक चौकटीला एक क्रमांक जोडला जातो व त्यासाठी १२ बिटांची जागा असते. त्यामुळे उपयोगात आणण्याजोगे क्रमांक ४,०९४ च होतात. येथे तार एकच असून विभागणी मात्र तर्कतः केलेली असते. ‘वेगळे नेटवर्क’ या शब्दप्रयोगाला तेव्हापासून दोन अर्थ प्राप्त झाले : वेगळी तार, आणि एकाच तारेवरील वेगळा क्रमांक.

दुसरी गोष्ट खाजगी पत्त्यांची. फेब्रुवारी १९९६ च्या आर-एफ-सी १९१८ या लेखाने काही पत्ते संस्थांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले, १०.०.०.० पासून सुरू होणारा मोठा पट्टा त्यांपैकीच होय. हे पत्ते इंटरनेटवर मार्गस्थ होत नाहीत. परंतु मार्गस्थ न होणे आणि विलग असणे या भिन्न गोष्टी आहेत. त्याच स्विचवरील शेजारच्या यंत्राला खाजगी पत्ता हा कोणताही अडथळा नसतो.

तिसरी गोष्ट विधिवाचक क्रियापदांची. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी लिहिलेल्या आर-एफ-सी २११९ ने ‘असलेच पाहिजे’, ‘असावे’ आणि ‘असू शकेल’ या तीन कोटींचे अर्थ मानक-ग्रंथांपुरते निश्चित केले. ‘असावे’ याचा अर्थ तेथे असा सांगितला आहे की, विशेष कारण असल्यास अपवाद करता येईल, परंतु त्याचे परिणाम पूर्णपणे समजून घेऊन मगच तो करावा. स्थापना-पुस्तिका हे मानक-ग्रंथ नव्हेत. त्यांच्यावर हे बंधन नव्हते. त्यांनी ‘असावे’ हे क्रियापद मुक्तहस्ताने वापरले, मात्र परिणाम समजण्याचे साधन वाचकाच्या हाती बहुधा दिले नाही.

३. युकॅलिप्टस : चार रीती व एक कसोटी

संस्थेने स्वतःच्याच सर्व्हरांवर क्लाउड उभारावा, ही कल्पना सर्वांच्या आवाक्यात आणणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत युकॅलिप्टस या सॉफ्टवेअरचे स्थान मोठे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील विभागात रिच वोल्स्की यांच्या नेतृत्वाखाली संशोधन-प्रकल्प म्हणून त्याचा जन्म झाला आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ॲमेझॉनच्या सेवेशी जुळणारी आज्ञापद्धती हे त्याचे वैशिष्ट्य होते.

युकॅलिप्टसच्या पुस्तिकेने नेटवर्कच्या चार रीती सांगितल्या होत्या : सिस्टिम, स्टॅटिक, मॅनेज्ड आणि मॅनेज्ड-नोव्हीलॅन. सिस्टिम रीतीत आभासी यंत्र संस्थेच्या आहे त्याच नेटवर्कवर सोडून दिले जाई व तेथील पत्तेवाटप करणाऱ्या सर्व्हरकडून त्याला पत्ता मिळे. स्टॅटिक रीतीत पत्त्यांची यादी व्यवस्थापकाने आधी भरून द्यावयाची असे. या दोन्ही रीतींत वापरकर्त्यांमध्ये भिंत नव्हती. मॅनेज्ड रीतीत व्हीलॅनच्या आधारे प्रत्येक सुरक्षा-गटाची विलगता साधली जाई. मॅनेज्ड-नोव्हीलॅन या रीतीत मॅनेज्डच्या इतर सोयी होत्या. परंतु व्हीलॅन नसल्यामुळे आभासी यंत्रांची खालच्या थरावरील विलगता तेवढी नव्हती.

संरचना-फायलीत एका शब्दाचा फरक केला की रीत बदलत असे. त्या एका शब्दाने काय मिळते व काय सुटते, हे पुस्तिका रीतिवार सांगत असे, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. मात्र याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मॅनेज्ड रीतीसाठी पुस्तिकेने एक अट घातली होती : मधले स्विच व्हीलॅन-क्रमांक असलेली पॅकेटे अडथळ्याविना पुढे नेणारे असले पाहिजेत. या अवस्थेला तिने ‘व्हीलॅन-स्वच्छ’ असे नाव दिले. संस्थेच्या तळघरातील स्विच कोणी, केव्हा व कसा लावून ठेवला आहे, हे क्लाउड बसविणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून पुस्तिकेने केवळ अट सांगून न थांबता ती तपासण्याची कृतीही दिली. प्रमुख यंत्रावर व एका अंकित यंत्रावर त्याच व्हीलॅन-क्रमांकाचा एकेक तात्पुरता जोड तयार करावा, दोघांना एकेक पत्ता द्यावा आणि एकावरून दुसऱ्याला ‘पिंग’ करावे. उत्तर आले तर नेटवर्क स्वच्छ आहे. न आले तर स्विचची रचना तपासावी.

अर्थनिश्चितीच्या दृष्टीने ही कृती मोलाची आहे. अट शब्दांत सांगितली की वाचणाऱ्याच्या समजुतीवर ती अवलंबून राहते. कसोटी दिली की समजूत बाजूला पडते व वस्तुस्थिती बोलते. अर्थात ही कसोटी एकाच अंगाची होती. जे पोहोचले पाहिजे ते पोहोचते, एवढेच तिने सिद्ध होई. जे पोहोचता कामा नये ते पोहोचत नाही, हे सिद्ध करण्यासाठी वेगळ्या क्रमांकाच्या जोडावरून पिंग करून उत्तर येत नाही असे पाहावे लागते. विलगतेची अट ही मुळात निषेधाची अट आहे. निषेध पाळला गेला आहे की नाही, हे यंत्रणा चालू आहे एवढ्यावरून कधीच कळत नाही. किंबहुना भिंत नसलेली यंत्रणा अधिकच सुरळीत चालते. हीच या साऱ्या इतिहासाची मूळ अडचण होय.

४. नोव्हा : सपाट आणि विभक्त

अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, म्हणजे नासाने, आपल्या नेब्युला या प्रकल्पात प्रथम युकॅलिप्टस वापरले आणि पुढे नोव्हा हे स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिले. रॅकस्पेस या कंपनीचे साठवण-सॉफ्टवेअर व नासाचे नोव्हा एकत्र करून जुलै २०१० मध्ये ओपनस्टॅकची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ऑस्टिन नावाची पहिली आवृत्ती बाहेर पडली.

नोव्हाच्या आरंभीच्या नेटवर्क-व्यवस्थेत तीन पर्याय होते : सपाट, पत्तेवाटपासहित सपाट, आणि व्हीलॅन. व्हीलॅन-पर्यायात प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचा क्रमांक, स्वतःचा पूल व स्वतःचा पत्त्यांचा पट्टा मिळे. सपाट पर्यायांत सर्व प्रकल्पांची यंत्रे एकाच पुलावर येत. तेथे एका यंत्राने दुसऱ्याचा पत्ता धारण करून तोतयेगिरी करू नये यासाठी यजमान-सर्व्हरवर गाळणीचे नियम लावले जात. म्हणजे दोन्ही पर्यायांत कोणत्या ना कोणत्या प्रकारची विलगता होती. परंतु एकीत भिंत स्विचच्या थरावर उभी होती, तर दुसरीत प्रत्येक दारावर पहारेकरी बसविला होता. पहारेकरी झोपला, म्हणजे नियम लागलेच नाहीत, तर मागे भिंत नव्हती. ‘विलगता आहे’ हे विधान दोन्हींना लागू पडत असले तरी त्याचा अर्थ दोन ठिकाणी एक नाही, हे येथे उघड होते.

याच काळातील क्लाउडस्टॅक या समांतर सॉफ्टवेअरने हा भेद नावातच सांगितला. क्लाउड डॉट कॉम या कंपनीने ते तयार केले, जुलै २०११ मध्ये सिट्रिक्सने ती कंपनी विकत घेतली आणि एप्रिल २०१२ मध्ये ते अपाचे प्रतिष्ठानाकडे सोपविले गेले. त्याच्या पुस्तिकेत ‘बेसिक’ व ‘ॲडव्हान्स्ड’ असे दोन प्रकारचे विभाग सांगितले असून पहिल्यात विलगता सुरक्षा-गटांच्या नियमांनी, तर दुसऱ्यात प्रामुख्याने व्हीलॅनने साधली जाते. शिवाय व्यवस्थापन, अतिथी, सार्वजनिक व साठवण अशी रहदारीची चार नावे तेथे पाडलेली आहेत. नेटवर्क किती असावेत याऐवजी रहदारी किती प्रकारची आहे येथून आरंभ केल्यामुळे विवेचनाला सुसूत्रता आली, हे मान्य केले पाहिजे.

५. क्वांटम : ‘जास्तीत जास्त चार’

नेटवर्कचे काम नोव्हातून वेगळे काढून ते क्वांटम या स्वतंत्र घटकाकडे देण्यात आले. सप्टेंबर २०१२ च्या फॉल्सम आवृत्तीत त्याला मुख्य घटकाचे स्थान मिळाले. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे २०१३ मध्ये त्याचे नाव न्यूट्रॉन असे बदलले आणि ऑक्टोबर २०१३ ची हवाना आवृत्ती त्या नावाने प्रसिद्ध झाली.

आता वापरकर्ता स्वतःच नेटवर्क निर्माण करू लागला. दोन वापरकर्त्यांनी तोच खाजगी पत्त्यांचा पट्टा निवडला तरी चालावे, यासाठी लिनक्समधील नेमस्पेस या सोयीचा आधार घेण्यात आला. ज्या यंत्रांच्या लिनक्समध्ये ही सोय नव्हती त्यांच्याविषयी पुस्तिकेत मर्यादांची टीप होती : मार्ग-प्रतिनिधी व पत्तेवाटप-प्रतिनिधी एकाच यंत्रावर चालविल्यास त्यांच्या पत्त्यांमध्ये विलगता राहत नाही. सारांश, विलगतेची अट आता स्विचवरून यजमान-यंत्राच्या लिनक्स-आवृत्तीपर्यंत खाली उतरली होती, आणि ती एका टिपेत होती.

या काळातील प्रशासन-पुस्तिकेत असे सांगितले होते की, सर्वसाधारण रचनेत जास्तीत जास्त चार भिन्न भौतिक नेटवर्क असतात : व्यवस्थापन, डेटा, बाह्य व एपीआय. व्यवस्थापन नेटवर्कवरील पत्ते फक्त डेटा-केंद्राच्या आतूनच गाठता यावेत, बाह्य व एपीआय नेटवर्कवरील पत्ते इंटरनेटवरून कोणालाही गाठता यावेत, असे प्रत्येकाचे लक्षण दिले होते. आणि शेवटी एपीआय नेटवर्क व बाह्य नेटवर्क एकच असले तरी चालेल, अशी सवलतही होती.

या वर्णनाचे गुण व दोष दोन्ही विचारार्ह आहेत. प्रत्येक नेटवर्क कोठून गाठता यावे हे सांगणे हा मोठा गुण, कारण पोहोच हेच विलगतेचे खरे माप आहे. परंतु ‘जास्तीत जास्त चार’ या शब्दांनी वरची मर्यादा तेवढी कळते; खालची कळत नाही. चारांपैकी एक जोडी एकत्र करता येते हे सांगितले, पण कोणती जोडी कधीही एकत्र करू नये हे सांगितले नाही. ज्या प्रयोगशाळेत एकच स्विच आहे तेथील वाचकाने ‘भौतिक’ या विशेषणाचे काय करावे, व्हीलॅनने ते भागते की नाही, याचाही खुलासा नव्हता. नियम होता, नियमाचे कारण नसल्यामुळे तो किती वाकविता येईल हे ठरविण्यास वाचकाकडे आधार नव्हता.

कारण मात्र गंभीर होते. ओपनस्टॅकचे घटक एका संदेश-रांगेतून परस्परांशी बोलतात. बहुतेक ठिकाणी ते काम रॅबिट-एमक्यू हे सॉफ्टवेअर करी. या संदेशांवर मूळ रचनेत सही नसे. ज्याला रांगेपर्यंत पोहोचता आले त्याचा शब्द यंत्रणेला आज्ञेसमान होता. त्यात रॅबिट-एमक्यूबरोबर ‘गेस्ट’ नावाचे खाते व ‘गेस्ट’ हाच परवलीचा शब्द तयार येत असे. पुस्तिका तो बदलावयास सांगे. परंतु हे खाते बाहेरच्या यंत्रावरून वापरता येऊ नये अशी तजवीज रॅबिट-एमक्यूने एप्रिल २०१४ च्या ३.३.० या आवृत्तीतच प्रथम केली. तोवर ज्याने परवलीचा शब्द बदलला नाही त्याचे रक्षण करणारी भिंत एकच होती : व्यवस्थापन नेटवर्कची विलगता. ‘असावे’ या एका क्रियापदावर केवढा भार पडला होता, हे यावरून ध्यानात येईल.

६. विश्वासाची परिभाषा

कारण सांगण्याचे काम २०१३ मध्ये एका निराळ्या ग्रंथाने केले. सुरक्षेच्या क्षेत्रातील जाणत्या मंडळींनी थोडे दिवस एकत्र बसून सामूहिक लेखनाच्या पद्धतीने ओपनस्टॅकची सुरक्षा-मार्गदर्शिका सिद्ध केली. तिने नेटवर्कऐवजी ‘सुरक्षा-क्षेत्र’ ही संकल्पना पायाभूत धरली आणि सार्वजनिक, अतिथी, व्यवस्थापन व डेटा अशी चार क्षेत्रे कल्पिली. प्रत्येक क्षेत्राविषयी तिने एकच प्रश्न विचारला : यावर विश्वास ठेवावा का? सार्वजनिक क्षेत्र अविश्वसनीय. अतिथी-क्षेत्रात वापरकर्त्यांची आभासी यंत्रे बोलतात. त्यांच्यावर कडक नियंत्रण नसेल तर तेही अविश्वसनीयच मानावे. व्यवस्थापन-क्षेत्रातून परवलीचे शब्द व संरचनेची माहिती वाहते. ते विश्वासाचे मानले जाते, म्हणूनच त्याचे रक्षण करावयाचे. डेटा-क्षेत्राची योग्यता रचनेप्रमाणे ठरवावी.

या परिभाषेचा लाभ असा की, तारा किती हा प्रश्न दुय्यम झाला. एकाच तारेवर दोन क्षेत्रे आणावयाची असतील तर जेथे ती एकत्र येतात त्या सांध्याकडे लक्ष द्यावे, असे मार्गदर्शिका सांगते. असे सांधे असतातच. आभासी यंत्राला आपले नाव, चाव्या इत्यादी माहिती १६९.२५४.१६९.२५४ या ठराविक पत्त्यावरून मिळते. ती माहिती व्यवस्थापन-क्षेत्रातून येते. म्हणजे अतिथी-क्षेत्र व व्यवस्थापन-क्षेत्र यांच्यामधील भिंतीत जाणूनबुजून ठेवलेली ही खिडकी आहे. स्थापना-पुस्तिका या खिडकीसाठी दोन्ही बाजूंना एक सामाईक गुप्त शब्द भरावयास लावते. मात्र तो शब्द विलगतेचाच एक भाग आहे, हे स्थापना-पुस्तिका वाचून समजत नाही. त्यासाठी सुरक्षा-मार्गदर्शिका वाचावी लागते. एका ग्रंथात कृती आणि दुसऱ्यात कारण, अशी ही विभागणी झाली, आणि घाईत असलेला वाचक पहिलाच ग्रंथ वाचतो.

७. जूनो ते लिबर्टी : सांगून केलेली तडजोड

ऑक्टोबर २०१४ च्या जूनो आवृत्तीच्या स्थापना-पुस्तिकेत नियंत्रक, नेटवर्क व संगणन अशा तीन यंत्रांची नमुना-रचना दिली होती. व्यवस्थापनासाठी १०.०.०.०/२४, आभासी यंत्रांच्या बोगदा-रहदारीसाठी १०.०.१.०/२४ आणि बाह्य नेटवर्कसाठी २०३.०.११३.०/२४ असे पट्टे होते. शेवटचा पट्टा जानेवारी २०१० च्या आर-एफ-सी ५७३७ ने केवळ ग्रंथांतील उदाहरणांसाठी राखून ठेवला आहे; तो कोणीही जसाच्या तसा प्रत्यक्षात वापरू नये, हा हेतू.

या रचनेत एक विसंगती प्रथमदर्शनी भासते. बोगदा-नेटवर्कला गेटवेची गरज नाही, कारण त्यावरील संभाषण आतल्या यंत्रांतच होते, असे पुस्तिका कारणासह सांगते. व्यवस्थापन नेटवर्कला मात्र गेटवे हवा, कारण सॉफ्टवेअरची पाकिटे, सुरक्षेच्या दुरुस्त्या व घड्याळाची वेळ इंटरनेटवरून आणावी लागते. जे नेटवर्क सर्वाधिक जपावयाचे त्यालाच बाहेरचा रस्ता! ‘विलग’ याचा अर्थ इंटरनेटपासून तोडलेले असा घेणाऱ्या वाचकाला हा विरोध वाटणे साहजिक होते. वस्तुतः येथे विलगता दिशेची होती : आतून बाहेर जाता यावे, बाहेरून आत येता येऊ नये. नंतरच्या आवृत्त्यांत हा आशय शब्दांत आला. नेटवर्क वेगळे राखण्याचे महत्त्व ठसावे म्हणून व्यवस्थापनासाठी खाजगी पत्ते योजले आहेत आणि पत्त्यांचे रूपांतर करणाऱ्या यंत्रणेतून इंटरनेट मिळते असे गृहीत धरले आहे, असा खुलासा तेथे आढळतो. पूर्वपीठिकेत सांगितलेला धोका येथेही पुरता टळलेला नाही, कारण खाजगी पत्ता हे विलगतेचे चिन्ह आहे, साधन नव्हे. तरी उदाहरणाचे प्रयोजन सांगितले गेले, ही प्रगतीच होय.

याच पुस्तिकांत बाह्य जोडाविषयी असा आदेश आहे की, त्या जोडाला पत्ता देऊ नये. आदेश स्पष्ट आहे. परंतु त्या ठिकाणी कारण दिलेले नाही. पत्ता नसल्यामुळे यजमान-यंत्र त्या नेटवर्कवर स्वतः उत्तर देणारे ठरत नाही, ते केवळ वाट करून देते, आणि त्यामुळे त्याच्यावर बाहेरून हात टाकण्यास जागा राहत नाही. हे ज्याला कळले तो आदेश मोडणार नाही. ज्याला कळले नाही तो पहिल्याच अडचणीच्या वेळी, तपासून पाहण्यासाठी म्हणून, त्या जोडाला पत्ता देईल आणि तो तसाच राहील.

ऑक्टोबर २०१५ च्या लिबर्टी आवृत्तीत पुस्तिकेची पुनर्रचना झाली. स्वतंत्र नेटवर्क-यंत्र काढून त्याचे काम नियंत्रकाकडे दिले गेले. बोगद्यासाठीचे निराळे नेटवर्कही गेले. नेटवर्कचे दोन पर्याय ठरले : प्रोव्हायडर, म्हणजे व्यवस्थापकाने भौतिक नेटवर्कशी थेट जोडून दिलेले, आणि सेल्फ-सर्व्हिस, म्हणजे वापरकर्त्याने स्वतः निर्माण केलेले. नेटवर्क कोण निर्माण करतो हे नावातच आल्यामुळे जबाबदारी कोणाची हेही सूचित झाले. पहिल्या पर्यायात खाजगी नेटवर्क व मार्गनिर्देशाच्या सेवा मिळत नाहीत, त्या हव्या असल्यास दुसरा घ्यावा, असेही तेथे सांगितले.

वरवर पाहता ही पीछेहाट होती. जूनोत ज्या दोन रहदारी वेगळ्या होत्या त्या लिबर्टीत एकाच नेटवर्कवर आल्या. सेल्फ-सर्व्हिस पर्यायातील बोगदा व्हीएक्सलॅन पद्धतीचा असतो. ऑगस्ट २०१४ च्या आर-एफ-सी ७३४८ मध्ये वर्णिलेल्या या पद्धतीत २४ बिटांचा क्रमांक असल्याने सुमारे १ कोटी ६० लाख नेटवर्क पाडता येतात. पण ती पद्धत स्वतः मजकूर कूटबद्ध करीत नाही. तेव्हा व्यवस्थापन नेटवर्कवर कान देऊन बसणाऱ्याला वापरकर्त्यांचे बोलणेही ऐकू येऊ शकते. असे असूनही अर्थनिश्चितीच्या दृष्टीने लिबर्टीची पुस्तिका जूनोच्या पुढे आहे, कारण तिने ही तडजोड लपविली नाही. आरंभीच, आपली नमुना-रचना प्रत्यक्ष वापराच्या किमान रचनेहून कोठे वेगळी आहे हे तिने दोन कलमांत सांगितले : नेटवर्कचे प्रतिनिधी स्वतंत्र यंत्राऐवजी नियंत्रकावर आहेत, आणि बोगदा-रहदारी स्वतंत्र नेटवर्काऐवजी व्यवस्थापन नेटवर्कावरून जाते. शिकण्यासाठी एवढे पुरे. लोकांना सेवा द्यावयाची असेल तर या दोन भिंती स्वतः बांधून घ्याव्यात, असा त्याचा अर्थ होतो.

८. उपसंहार

या मताविरुद्ध असे म्हणता येईल की, स्थापना-पुस्तिका ही नवशिक्यासाठी असते. तीत प्रत्येक अटीची मीमांसा घातली तर ती कोणी वाचणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. ज्याच्याजवळ दोन जुनी यंत्रे व एक स्विच एवढीच सामग्री आहे, त्याला चार भौतिक नेटवर्कांची अट घालणे म्हणजे दार बंद करणेच होय. परंतु लिबर्टीच्या दोन कलमांनी दाखवून दिले की, सवलत देणे आणि सवलतीची जाणीव देणे या गोष्टी एकत्र नांदू शकतात व त्यास फार जागा लागत नाही. संक्षेप हा दोष नाही. जे वगळले त्याची नोंद न ठेवणे हा दोष आहे.

या दशकातील पुस्तिकांचा अनुभव एकत्र केला तर विलगतेच्या कोणत्याही अटीला पाच अंगे असावीत असे दिसते. चारांचा उल्लेख आरंभी आलाच आहे : कोणापासून विलग, हे सुरक्षा-मार्गदर्शिकेने शिकविले, कोणत्या थरावर, हे नोव्हा व क्लाउडस्टॅक यांच्या पर्यायांतून स्पष्ट झाले, भिंत कोणी बांधावयाची, हे लिबर्टीच्या नावांनी सुचविले, ती नसल्यास काय गमावते, हे युकॅलिप्टसच्या रीतींनी व लिबर्टीच्या कलमांनी सांगितले. पाचवे अंग कसोटीचे. ते युकॅलिप्टसच्या पुस्तिकेत एका बाजूने आले होते. दुसऱ्या बाजूची, म्हणजे जे पोहोचू नये ते पोहोचत नाही हे दाखविणारी कसोटी तितक्याच सुलभ रीतीने देणे, हे काम स्थापना-पुस्तिकांनी पत्करले पाहिजे.

२०१७ च्या पाइक आवृत्तीच्या सुमारास ओपनस्टॅकचे बरेचसे ग्रंथलेखन मध्यवर्ती मंडळाकडून काढून ज्या त्या घटकाच्या लेखकांकडे सोपविण्यात आले. जो घटक लिहितो तोच त्याची पुस्तिका लिहितो, यात अचूकतेचा लाभ आहे. परंतु विलगता ही कोणत्याही एका घटकाची मालमत्ता नाही. ती त्यांच्यामधल्या जागेत राहते. प्रत्येक घटकाची पुस्तिका आपापल्या खोलीचे वर्णन नेमके करील. दोन खोल्यांमधील भिंतीचे वर्णन कोणी करावयाचे हा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. ते वर्णन एका ठिकाणी, कारणासह व कसोटीसह लिहिले जाणे हीच या संज्ञेच्या अर्थनिश्चितीची पुढची पायरी ठरेल. यंत्रणा उभी करणारा मनुष्य त्या वर्णनावरून भिंत बांधतो. आणि भिंतीपलीकडे ज्यांची बिऱ्हाडे आहेत त्यांना ते वर्णन वाचण्याची संधी कधीच मिळत नसते.